शिडाच्या बोटीवरचा स्वयंपाक: लक्षात राहिलेलं एक जेवण सांगा

धागाकर्ता (दांडिया बझार, बडोदा)

बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत. सुरसागर आहे, त्यात शंकर उभा आहे. तरी यंदा कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना बोटीवरच्या जेवणाचा विषय निघाला आणि निम्म्या मंडळींकडे एकेक किस्सा निघाला. तो विरून जाण्याआधी लिहून ठेवावा, म्हणून हा धागा.

अटी दोनच. बोट शक्यतो शिडाची असावी आणि चूल पेटलेली, निदान डबा तरी बोटीवरच उघडलेला असावा. क्रूझवरच्या बुफेचे फोटो टाकू नयेत, ते जेवण हॉटेलातलंच. नौदलाच्या सहा अधिकारी ‘तारिणी’ घेऊन १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला परतल्या. ५५ फुटी बोट, आचारी नाही, रांधायचंही त्यांनीच. त्या मानाने आपण सगळे सहलीला गेलेलो, हे मान्य करून लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मित्राची ३८ फुटी बोट डिसेंबरात मुंबईहून गोव्याला न्यायची होती. आम्ही चौघे. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे ताशी पाचच्या वेगाने दोन दिवस. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात वाऱ्याचं वेळापत्रक असतं. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा, उत्तररात्री जमिनीवरून, आणि सकाळी मधल्या वेळात पडलेला. स्वयंपाक त्या पडलेल्या वाऱ्यात उरकायचा. दुपारी बोट एका कुशीवर कलली की कांदा चिरायलाही दोन माणसं लागतात, एक चिरणारा आणि एक कांदा पकडणारा.

शेगडी दोन खुंट्यांवर झुलती असते. बोट कलली तरी ती सपाट राहते, आणि भांडं सरकू नये म्हणून कडेने दांडे असतात. पण ती डाव्या-उजव्या अंगालाच झुलते. समोरून लाट आली की तिचा काही उपयोग नाही. खरा भरवसा कुकरचा. झाकण एकदा लागलं की कुकर आडवा झाला तरी डाळ आतच राहते. गॅसही कमी लागतो.

आमचा कप्तान गॅसच्या बाबतीत सासूपेक्षा कडक होता. शेगडी विझवताना आधी सिलिंडर बंद करायचा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप जाऊ द्यायची, मग बटण. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडून घालवता येतो, बोटीत तो तळाशी जाऊन बसतो आणि तिथून त्याला वाटच नसते. म्हणून सिलिंडर वर डेकवरच्या बंद कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला बोटीबाहेर उघडणारं भोक असतं.

आता जेवण. देवगडच्या पुढे सकाळी एक मासेमारीची बोट जवळ आली. त्यांना आमच्याकडचा लीलो चेवडो दिला, बडोद्याहून दोन किलो नेलेला. त्यांनी पाटीभर बांगडे दिले. चौघांतला एक मालवणचा, त्याच्या पिशवीत तिरफळं आणि आमसुलं होतीच. पातेल्यात बांगड्याचं तिखलं. भातासाठी एक वाटी समुद्राचं पाणी आणि तीन वाट्या गोडं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, नुसत्या त्या पाण्यातला भात तोंडात धरवणार नाही, पण या प्रमाणात वेगळं मीठ लागत नाही आणि गोडं पाणीही वाचतं. हे खोल समुद्रात, बंदरातलं पाणी नको. ताट कुठे ठेवणार, म्हणून खोल वाडगे घेतले आणि पाय समोरच्या बाकाला रोवून बसलो. तिखल्याचा रस्सा भातात मुरला होता. मी घरी कितीदा करून पाहिलं, तिरफळं तीच आणली, बांगडे मात्र बडोद्याला बर्फातून येतात. तिथेच संपतं सगळं.

पेन्शनर काका

माझा अनुभव नाही, आजोबांचा आहे. चालणार नसेल तर काढून टाका.

आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत, नेमणूक ओखामंडळात. आजच्या पोरांना सांगावं लागतं की द्वारका-ओखा हा भाग बडोदा संस्थानचा होता आणि ओख्याचं बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात, १९२६ ला सुरू झालं. कामासाठी आजोबांना आखात ओलांडून कच्छच्या मांडवीला जावं लागे. मांडवीला लाकडी वहाणं बांधतात ती आजही. खारवा लोकांचं वहाण, वर मोठं तिरकं शीड, इंजिन नाही. वारा चांगला असला तर दिवसात पोचत, नसला तर आखातातच रात्र.

तशी एक रात्र झाली. घरून दिलेल्या दशम्या दुपारीच संपल्या होत्या. वहाणावर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणत. त्याची चूल म्हणजे एक लाकडी पेटी, आत वाळू आणि माती थापलेली, वाऱ्याच्या आड ठेवलेली, कारण ठिणगी शिडावर गेली तर सगळंच गेलं. भंडाऱ्याने बाजरीचं पीठ मळलं, हातावरच रोटले थापले आणि मातीच्या तावडीवर टाकले. बाकीच्यांना सुकी मासळी. आजोबा देशस्थ, सोवळ्यातले. त्यांनी आधी ‘मला भूक नाही’ सांगून पाहिलं. तांडेल म्हणाला, ‘साहेब, दरियावर सगळं धुतलेलंच असतं.’ मग त्याने स्वतः तावडी घासली, एक रोटला वेगळा भाजला आणि त्यावर गूळ आणि तुपाची धार सोडली.

आजोबा एकावर थांबले नाहीत. आजीला मात्र त्यांनी हे फार वर्षांनी सांगितलं, तेही आजारपणात, म्हणजे ती भांडणार नाही अशा वेळी. ती तरीही भांडली. मग विचारलं, ‘तूप गाईचं होतं ना?’

कारेलीबागकर

काका, काढून टाकायचं कसलं! असलेच अजून लिहा.

माझी बोट शिडाची नव्हती, आधीच सांगतो. नर्मदा परिक्रमेत दक्षिण तटाने समुद्रापर्यंत आलं की विमलेश्वरहून नावेने उत्तर तटावर मिठी तलाईला जातात. मैया कुठेही ओलांडायची नाही, ही एकच जागा जिथे तिचं मुख वळसा घालून पार करायचं. नाव कधी सुटणार हे भरती ठरवते. आमची पहाटे निघाली, त्याआधी घोटाभर चिखलातून चालत जायचं, चप्पल हातात. नावेत चूल नाही. पण शेजारच्या नगरच्या आजींनी सदावर्तातल्या पिठाच्या आदल्या रात्री केलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून आणल्या होत्या आणि वर लसणाचं तिखट. दोन्ही तट दिसेनासे झाले तेव्हा सगळ्यांनी नारळ सोडले, नर्मदे हर झालं, आणि मग आजींनी फडकं सोडलं. भाकरी चिवट झाली होती. मी दोन खाल्ल्या.

धागाकर्ता

चालवून घेतो. पूर्वी तिथे शिडाच्याच नावा होत्या, म्हणून अर्धे मार्क.

सेव-उसळ

मी काही खाल्लं नाही. अलिबागच्या बाजूला मित्रांबरोबर शिडाच्या बोटीत गेलो होतो. त्यांनी पोहे केले, कांदा परतल्याचा वास आला आणि मी कठड्याला गेलो. आल्याच्या वड्या चघळत दिवस काढला. एकाने सांगितलं की खाली बसू नकोस, वर येऊन क्षितिजाकडे बघ. ते खरंच लागू पडतं: कानाला कळतं हलतंय, डोळ्याला खोलीत सगळं स्थिर दिसतं, त्या भांडणातून ही मळमळ येते. तर माझं लक्षात राहिलेलं जेवण म्हणजे उतरल्यावर धक्क्याजवळ खाल्लेला वडापाव. नियमात बसत नाही, माहीत आहे.

पोळपाट

मी लिहू का? थोडं लांबेल.

मुलगी नेदरलँड्सला आहे. तिच्या ऑफिसच्या लोकांनी शिडाची जुनी मालवाहू बोट कप्तानासकट भाड्याने घेतली होती, हार्लिंगन बंदरातून. आई-बाबा आलेत तर त्यांनाही चला म्हणाले. प्रत्येकाने एका वेळचा स्वयंपाक करायचा असं ठरलं. मी म्हटलं, पुरणपोळी. मुलगी म्हणाली, आई, बोट हलते गं. पुरण घरूनच वाटून डब्यात घेतलं, कट बाटलीत, पोळपाट बडोद्याहून नेलेलाच होता.

पहिल्या दिवशी कणीक मळून बघितली तर परात टेबलावरून माझ्याकडे यायची नि परत जायची. लाटणं तर दोनदा शिडी उतरून खालच्या खोल्यांत गेलं. मी मनातून पुरण वाया गेलं असंच धरलं होतं.

ही बोट तळाला सपाट असते. खाली कणा नाही, म्हणून दोन्ही अंगांना मोठाल्या लाकडी फळ्या टांगलेल्या. खोल पाण्यात वाऱ्याने बोट आडवी सरकू नये म्हणून त्या खाली सोडायच्या, उथळात वर ओढायच्या. असं का, तर तिथला वाडन समुद्र ओहोटीला मैलोन् मैल उघडा पडतो. युनेस्कोने २००९ मध्ये तो जागतिक वारशात घेतला. कप्तान मुद्दाम बोट वाळूच्या पट्ट्यावर नेतो, नांगर टाकतो आणि पाणी जायची वाट बघतो. त्याने मला सांगितलं, अकराच्या सुमाराला बोट टेकेल, मग तीन-चार तास टेबलावरचा पेलाही हलणार नाही. तुमची भाकरी तेव्हा करा. (भाकरी नाही हो, पोळी. पण जाऊ दे.)

आणि खरंच टेकली. खालून एक बारीक घासल्याचा आवाज आला, नंतर सगळं गप्प. मी लगेच कणीक काढली. सगळी तरुण मंडळी अनवाणी वाळूवर उतरून शिंपले वेचायला आणि लांबचे सील बघायला गेली, मी नि मुलगी खाली पोळ्या लाटत होतो. घरच्या ओट्यावर होतात तशा झाल्या, एकही फुटली नाही. यांनी कटाची आमटी ढवळायचं काम घेतलं. हे भावनगरला बँकेत होते, त्यामुळे तिथल्या भरतीचा त्यांना काही धाक नव्हता. इथे दोन मीटर पाणी चढतं म्हणून कौतुक, आमच्या खंभातच्या आखातात दहा-दहा मीटर चढतं, भावनगर बंदराला म्हणून तर लॉक गेट घालावं लागलं, असं ते कप्तानाला इंग्रजीत ऐकवत होते. कप्तान पोळी खात ऐकत होता.

पंगत डेकवर बसवली. तूप वितळेना, इतकं गार. मग तुपाचं भांडं आमटीच्या पातेल्यात ठेवलं. त्या लोकांना गोड पोळी आणि तिखट आमटी एकत्र हे आधी पटेना, एकाने आमटी प्यायल्यावर बाकीच्यांना पटलं. पाणी समोरून येईल असं मला वाटत होतं, ते मागून आलं, वाळूतल्या पन्हळांतून, आवाज न करता. शेवटच्या दोन पोळ्या तव्यावर होत्या तेव्हा तवा जरासा कलला. मी गॅस बंद केला.

पेन्शनर काका

वहिनी, सिलिंडर आधी बंद केलात ना?

पोळपाट

कप्तानाने केला काका. तुम्ही धागा नीट वाचता हो.

मांडवीचा मुक्काम

माझं छोटंसं. चांदोदला कोणाच्या तरी विधीसाठी गेलो होतो, मी शाळेत. तेव्हा तिथे ठिगळांच्या शिडाच्या नावा होत्या. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा नर्मदेच्या वरच्या अंगाला वाहतो, म्हणून जाताना शीड आणि येताना प्रवाह, वल्ह्याला काम कमी. नावाड्याने मधोमध स्टोव्हला पंप मारून चहा केला, पाणी नदीतलंच, आलं ठेचून. मोठ्यांना उपास, त्यामुळे त्यांचाही चहा आम्हा मुलांना. विधीचं घर, सगळे गप्प, आणि आम्ही तीन-तीन कप पितोय म्हणून आत्याने डोळे वटारले होते.

कारेलीबागकर

पोळपाटताई, एक विचारायचं राहिलं. विमानात लाटणं हातातल्या बॅगेत नेऊ देतात का?

पोळपाट

चेक-इनच्या बॅगेत टाकलं, विषाची परीक्षा कशाला. पोळपाटाच्या तीन पायांमुळे बॅग बंद होत नव्हती, म्हणून यांचे बूट बाहेर काढले.