मदत हवी आहे: टेस्टिंगमध्ये माणसे कशामुळे टिकतात?

नमस्कार. विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या पुण्यातील एका कंपनीत मी टेस्टिंगचा, म्हणजे सॉफ्टवेअर तपासून त्यातील चुका शोधणारा, गट सांभाळते. कॅम्पसमधून आलेल्या ज्या मुलामुलींच्या वाट्याला टेस्टिंग येते, त्यांतील बरेच जण वर्षभरात डेव्हलपमेंटमध्ये बदली मागतात. काही जण मात्र संधी समोर असूनही इथेच राहतात. त्यांना काय धरून ठेवते, हे मला समजून घ्यायचे आहे, कारण गटाच्या अप्रेझलचे निकष ठरवण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे.

सापडलेल्या बगांच्या (सॉफ्टवेअरमधील चुकांच्या) संख्येवर बक्षीस द्यावे, अशी सूचना वरून आली आहे. माझा तिला विरोध आहे. संख्या मोजू लागलो, की स्क्रीनवरील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ढिगाने नोंदवल्या जातील आणि २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या ग्राहकाचे वय पॉलिसीच्या तारखेला किती धरायचे, यासारख्या दिवस खाणाऱ्या प्रश्नाकडे कोणी वळणार नाही. (‘असा ग्राहक येणार कधी?’ हे डेव्हलपरचे ठरलेले उत्तर ऐकावे लागते, ते निराळेच.)

मला वाटते, टिकणाऱ्यांना शंका घेण्याचीच गोडी असते. नव्या मुलांना मी एरियन ५ चे उदाहरण देते. ४ जून १९९६ रोजी हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले, कारण आधीच्या एरियन ४ रॉकेटमधून जसाच्या तसा घेतलेला प्रोग्रॅम ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या अपुऱ्या जागेत बसवू पाहत होता, आणि नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून त्या भागाची चाचणी झालीच नव्हती. ‘जुने आकडे इथेही लागू पडतील का?’ हा प्रश्न ज्याला आपणहून पडतो, तो सहसा राहतो. परंतु तो विचारण्याची जागा रिक्वायरमेंटच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचे हे ठरवण्याच्या, बैठकीत असायला हवी. रिलीजच्या आदल्या रात्री बिल्ड (तपासायची तयार आवृत्ती) हाती येत असेल, तर अशा माणसाचाही उत्साह मावळतो.

दीर्घकाळ टेस्टिंगमध्ये असलेल्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा. आपण कशामुळे थांबलात? सेलेनियमच्या (वेबसाइटची चाचणी आपोआप करणाऱ्या साधनाच्या) स्क्रिप्ट लिहू लागल्यावर याच कामात रस वाढला, की डेव्हलपमेंटकडे जाण्याची वाट मोकळी झाली? बगांच्या संख्येऐवजी कोणता निकष आपल्याला न्याय्य वाटला? आणि सोडून गेलेल्यांचे खरे कारण पगारातील तफावत हेच असेल, तर तेही स्पष्ट लिहावे, म्हणजे मला व्यवस्थापनापुढे निकषांऐवजी वेतनश्रेणीचा प्रस्ताव ठेवता येईल.