अभिजात कॉकटेलांवरून स्वतःची कृती : फेणी, उर्राक आणि कोकम वापरताना प्रमाण कसे सांभाळावे?

प्रश्न : आगळवेगळा

नमस्कार. दक्षिण गोव्यात आमचे लहानसे परवानाधारक उपाहारगृह आहे आणि येत्या हंगामापासून पेयांच्या यादीत चार-पाच स्वतःची कॉकटेले ठेवावीत असा विचार आहे. काहीतरी अगदी शून्यातून उभे करण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी नाही. त्यामुळे डायकिरी, नेग्रोनी, ओल्ड फॅशन्ड यांसारख्या जुन्या, सर्वमान्य कृती हाताशी धरून त्यांत इथली सामग्री वापरावी, हा मार्ग मला बरा वाटतो. काजू फेणी, उर्राक (काजूच्या बोंडाच्या रसाचेच, पण फेणीहून हलके मद्य), कोकम आणि गूळ आमच्याकडे उत्तम मिळतात.

अडचण अशी की डायकिरीत रमच्या जागी तेवढीच फेणी आणि लिंबाच्या जागी तेवढेच कोकमाचे आगळ घातले, की पेय खारट लागते, फेणीचा दर्प बाकी सगळ्यावर मात करतो आणि मूळ डायकिरीतला तरतरीत आंबटपणा नाहीसा होतो. उर्राक वापरले तर याच्या उलट, सारेच पाणचट होते. तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मूळ कृतीतला एखादा घटक बदलताना बाकीची प्रमाणे कोणत्या विचाराने हलवावीत? आणि असे बदल केल्यावर त्या पेयाला ‘आमचे’ म्हणण्याचा अधिकार नेमका केव्हा मिळतो?

उत्तर : पाक_दोन_तारी

गोम तुमच्या ‘तेवढेच’ या शब्दात आहे. कृतीतला प्रत्येक घटक एकाहून अधिक कामे करत असतो. पर्याय देताना त्यांतले एकच काम डोळ्यांपुढे ठेवले, की उरलेली बेवारस राहतात. डायकिरी म्हणजे साधारण ६० मिली पांढरी रम, २५ मिली लिंबाचा रस आणि २० मिली पाक, बर्फासह शेकरमध्ये जोरात हलवून गाळलेले. यातले लिंबू आंबटपणा देते, सालीच्या तेलाचा अंश असलेला वास देते आणि वर पेयाला पातळपणाही आणते. लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के सायट्रिक आम्ल असते. कोकमातले मुख्य आम्ल वेगळे, हायड्रॉक्सिसायट्रिक. त्याचा आंबटपणा गोलसर, थोडा तुरट आणि जिभेवर उशिरा पोहोचणारा. शिवाय आगळ टिकावे म्हणून त्यात मीठ घातलेले असते, जे सोलकढीत हवेच असते. २५ मिली आगळ पेल्यात गेले तर खारटपणाला दुसरे कारण शोधायची गरज नाही.

माझा सल्ला असा की आगळ बाजूला ठेवून अमृत कोकम घ्यावे, तेही शक्यतो घरच्या पद्धतीचे, म्हणजे ताज्या सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सुटतो तो रस. पण हे करताच दुसरा बदल आपोआप ओढवतो. अमृत कोकम स्वतःच पाक असल्यामुळे कृतीतला साखरेचा पाक काढून टाकावा लागतो, आणि आंबटपणाची धार कोकमाने एकट्याने येत नसल्यामुळे लिंबू पूर्ण हटवता येत नाही. ६० मिली मद्य, १५ मिली कागदी लिंबाचा रस आणि २० मिली अमृत कोकम इथून सुरुवात करून चाखत जावे. परदेशी कृतींत बहुधा मोठे, बिनबियांचे पर्शियन लाइम गृहीत धरलेले असते. आपले कागदी लिंबू त्याहून अधिक आंबट असल्याने त्यातला लिंबाचा आकडा जसाच्या तसा उचलू नये.

पाकाबद्दलही एक गोष्ट सांगतो, कारण बहुतेक कृती इथेच बिघडतात. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेल्या २० मिली पाकात सुमारे १२ ग्रॅम साखर असते, तर दोन भाग साखर आणि एक भाग पाणी अशा पाकात त्याच २० मिलीत १७ ते १८ ग्रॅम. कृतीत नुसते ‘पाक’ लिहिलेले असेल तर कोणता, हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. गुळासाठी काकवी वापरणार असाल तर तिला आधी गरम पाण्याने सैल करा. थंड बर्फावर ती तळाशी चिकटून बसते आणि पहिला घोट सपक, शेवटचा घोट गोडमिट्ट लागतो.

फेणीसाठी मात्र एक तयार वाट उपलब्ध आहे. न्यूयॉर्कच्या ‘डेथ अँड कंपनी’ या बारमध्ये फिल वॉर्ड यांनी २००७ च्या सुमारास ‘वाहाका ओल्ड फॅशन्ड’ केले, तेव्हा त्यांनी मेझ्काल या धुरकट, हट्टी मेक्सिकन मद्याचे सगळे ६० मिली ओतले नाहीत. ४५ मिली रेपोसादो (काही काळ लाकडी पिंपात ठेवलेली) टकिला आणि १५ मिली मेझ्काल अशी विभागणी केली, आणि साखरेच्या जागी, ही दोन्ही मद्ये ज्या वनस्पतीपासून बनतात त्या आगाव्हेचा पाक घेतला. फेणीला हाच हिशेब चपखल बसतो : ४५ मिली पांढरी रम, १५ मिली फेणी. दर्प उरतो, पण तो सुवासाच्या मर्यादेत राहतो.

उत्तर : कडवट_काका

वरचे विवेचन पटले. त्याला ढवळून करायच्या पेयांची जोड देतो, कारण तिथे आंबट-गोडाचा तराजू नसून कडू-गोडाचा असतो आणि चूक झाकायला लिंबूही नसते.

नेग्रोनी म्हणजे जिन, कँपारी (लाल, कडू इटालियन मद्य) आणि गोड, लाल व्हर्मुथ (वनस्पती-मसाल्यांचा स्वाद दिलेली वाइन), प्रत्येकी ३० मिली. तिचे वंशज एकापुढे एक ठेवून पाहिले तर तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. ‘बुलव्हार्दिए’ या पेयात जिनच्या जागी अमेरिकन व्हिस्की येते. ते १९२७ मध्ये पॅरिसमध्ये छापले गेले तेव्हा तिन्ही घटक समान होते. आज मात्र अनेक बारमध्ये व्हिस्की ४५ मिलीपर्यंत वाढवलेली दिसते, कारण जिनला तिचा वास देणारे जुनिपरचे फळ कँपारीशी जसे भिडते तशी व्हिस्कीची गोडसर, लाकडी चव भिडत नाही. इंग्लंडचे वेन कॉलिन्स यांनी २००१ मध्ये ‘व्हाइट नेग्रोनी’ केली तेव्हा जिन कायम ठेवून कँपारीऐवजी सूझ घेतले. पण सूझ हे जेन्शन मुळाचे, मातकट कडवटपणाचे पेय असल्यामुळे लाल व्हर्मुथचा मसाला त्याच्यावर जड झाला असता, म्हणून तेही बदलून लिले ब्लाँ ही फिकट, स्वाद दिलेली फ्रेंच वाइन आली. मिलानच्या ‘बार बासो’मधली ‘स्बालियातो’ तर जिनच्या जागी फसफसणारी वाइन घेते, आणि लगेच पेला मोठा होतो, बर्फ वाढतो आणि ते बरेच हलके पेय बनते.

या सगळ्यांत एक समान सूत्र दिसते. पहिला बदल कुणालाही सुचतो. त्या बदलामुळे जे बिघडते ते ओळखून दुसरा बदल करावा लागतो, आणि तो ज्याने स्वतःच्या जिभेने शोधला त्याची ती कृती. केवळ जिन काढून फेणी ओतली तर ती फेणी घातलेली नेग्रोनीच, मग यादीत तिला कितीही काव्यमय नाव द्या. (काव्यमय नावांचा सध्या फार सुळसुळाट झाला आहे, हे जाता जाता.)

उत्तर : भट्टीवाली

‘पाक_दोन_तारी’ यांच्या एका मुद्द्याशी मी असहमत आहे. फेणी रमच्या आड लपवायची, हा उपाय मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी ठीक असेल. गोव्यातल्या उपाहारगृहाने असे का करावे? फेणी तीव्र आहे हे मान्य, पण मग तिला पेलणारा साचा निवडायला हवा. डायकिरी हा नाजूक साचा आहे. त्यापेक्षा ब्राझीलच्या काइपिरिन्याकडे पाहा. तिथे उसाच्या रसाची, बऱ्यापैकी उग्र काशासा वापरतात आणि लिंबाचा नुसता रस न घेता लिंबाच्या फोडी सालीसकट साखरेबरोबर पेल्यातच चेचतात. सालीतले तेल उतरल्यामुळे उग्र मद्याला तोडीस तोड सुगंध मिळतो. शिवाय काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधूनच गोव्यात आणले, त्यामुळे हे नाते ओढूनताणून जोडलेले नाही.

५० मिली फेणी, एका मोठ्या कागदी लिंबाच्या फोडी (मधला पांढरा कडू भाग काढून), दोन चमचे बारीक किसलेला गूळ, चुरलेला बर्फ. गूळ साखरेइतका लवकर विरघळत नाही, म्हणून आधी लिंबाबरोबर चेचावा आणि मगच फेणी ओतावी. बोटाच्या चिमटीत मावेल त्याहूनही कमी मीठ घातले तर कडवटपणा दबतो. आगळ वापरायचेच असेल तर ते इथे, मिठाच्या जागी, अर्धा चमचा. खारटपणा हा त्याचा दोष राहत नाही, तेच त्याचे काम होते.

प्रश्नकर्ता : आगळवेगळा

तिघांचेही मनापासून आभार. आगळाला मिठाच्या जागी ठेवण्याची कल्पना मला सुचली नसती. भट्टीवालीताई, उर्राकाबद्दलही आपले मत कळले तर बरे होईल. शिवाय यादीत मूळ पेयाचा उल्लेख करावा की नाही, याबद्दल घरातच दोन पक्ष पडले आहेत.

उत्तर : भट्टीवाली

उर्राक हे रस एकदाच गाळून मिळणारे, साधारण १५ टक्के मद्यार्काचे. फेणी पुन्हा गाळल्यावर ४० टक्क्यांच्या पुढे जाते. ६० मिली उर्राकात निव्वळ मद्यार्क ९ मिली, तर तेवढ्याच फेणीत सुमारे २५ मिली. डायकिरीसारखे हलवले की बर्फाचे पाणी त्यात मिसळते आणि आधीच हलके असलेले पेय कोलमडते. गोव्यात लोक उर्राक लिम्का, लिंबू, मीठ आणि चिरलेल्या हिरव्या मिरचीबरोबर उंच पेल्यात पितात, त्यामागे अनुभवाचे शहाणपण आहे. टॉम कॉलिन्सचा (जिन, लिंबू, पाक आणि सोडा असलेल्या उंच पेल्यातल्या पेयाचा) साचा घ्या, पण मद्य ९० मिलीपर्यंत वाढवा, सोडा निम्म्यावर आणा, पाक कमी करा कारण उर्राकात काजूच्या बोंडाचा फळपणा असतोच, आणि शेकरला हात न लावता सगळे थेट पेल्यातच ओतून तयार करा. सगळे घटक आधी थंड करून ठेवलेत तर बर्फ कमी वितळेल. मात्र हे पेय छापील यादीत घालू नका; उर्राक उन्हाळ्यापुरते मिळते आणि मे सरला की फळ्यावरून पुसावे लागते.

उत्तर : कडवट_काका

उल्लेखाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : करावा. ‘काइपिरिन्याच्या धर्तीवर, काजू फेणी आणि गूळ’ एवढे लिहिल्याने गिऱ्हाइकाला चवीचा अंदाज येतो आणि आपले काही कमी होत नाही. एखाद्या हयात कारागिराची ताजी कृती आधार म्हणून घेतली असेल, तर त्याचे नाव देणे हा या धंद्यातला संकेत आहे. नावे ठेवताना थोडी दक्षता घ्या, कारण काही पेयांची नावे व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेली असतात. ‘डार्क अँड स्टॉर्मी’ हे बर्म्युडाच्या गॉस्लिंग्ज कंपनीचे याचे प्रसिद्ध उदाहरण. काजू फेणीलाही २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा यादीत ‘फेणी’ लिहाल तर बाटलीत फेणीच असू द्या.

चाखण्याबाबत एवढेच, की नवी कृती कधी एकटी चाखू नये. शेजारी मूळ पेय नेमक्या मापाने करून ठेवावे, दोन्हींचा पहिला घोट लगेच आणि दुसरा दहा मिनिटांनी घ्यावा, कारण थंडीत गोडवा दबलेला असतो आणि बर्फ वितळल्यावरच खरे प्रमाण उघडे पडते. एका वेळी एकच आकडा हलवावा, तोही ५ मिलीहून जास्त नको, आणि प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवावा.