शशिकलाताई काकोडकर: वडिलांच्या पुण्याईपलीकडे काय?

वाळवंटीकाठ: शशिकलाताईंवर दिवाळी अंकासाठी लेख करतो आहे. जिथे पाहावं तिथे ‘गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची कन्या, गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री’ एवढ्यावर गाडी थांबते. त्यांचं स्वतःचं असं काम कोणतं? आणि 1979 मध्ये सरकार पडलं ते नेमकं कशामुळे?

भाटआणिशेत: आधी एक दुरुस्ती. ‘गोवा राज्याच्या मुख्यमंत्री’ असं लिहू नका. तेव्हा गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता. राज्याचा दर्जा 30 मे 1987 ला मिळाला. आणि देशात सुचेता कृपलानी (उत्तर प्रदेश, 1963) आणि नंदिनी सत्पथी (ओडिशा, 1972) यांच्यानंतर ताईंचा क्रमांक तिसरा. महाराष्ट्राला अजून एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही, हेही लेखात जाऊ द्या.

ऑगस्ट 1973 मध्ये भाऊसाहेब गेले तेव्हा ताई त्यांच्याच मंत्रिमंडळात राज्यमंत्री होत्या. खुर्ची वारशाने आली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सोबत आलेला पक्ष कसा होता ते पाहा. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) निघाला गोवा महाराष्ट्रात विलीन करण्यासाठी, आणि 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरण हरलं: विरोधात 1,72,191, बाजूने 1,38,170. म्हणजे नावातला ‘महाराष्ट्रवादी’ शब्द तेव्हाच पोकळ झाला होता. उरला तो कुळा-मुंडकारांचा प्रश्न, आणि ताईंचं खरं काम तिथेच आहे.

1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती हे दोन्ही त्यांच्या कारकिर्दीतले. बरेच जण दोन्हींची गल्लत करतात. कूळ म्हणजे शेत कसणारा. मूळ कायदा 1964 चा, भाऊसाहेबांचा, पण त्यात कुळाला मुख्यतः संरक्षण होतं. दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक मानला गेला. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर, त्याच्या संमतीने घर करून राहणारा. त्याला घर आणि भोवतालची जागा विकत घेता येते: पंचायत हद्दीत 300 चौ.मी., इतरत्र 200 चौ.मी., किंवा घराच्या भिंतींपासून पाच मीटरपर्यंतची जागा.

वाळवंटीकाठ: म्हणजे कायदा झाला नि घर नावावर आलं?

भाटआणिशेत: इथेच घोडं अडतं! ‘मालक मानला गेला’ म्हणजे कागद हातात आला असं नाही. मामलतदारापुढे दावा लावायचा, किंमत ठरायची, ती भरायची, मग प्रमाणपत्र. नमुना 1 व 14 मध्ये (जमिनीच्या सरकारी नोंदीत) कुळाचं नावच नसेल तर आधी कूळ असल्याचं सिद्ध करा. मुंडकाराच्या बाबतीत भाटकार म्हणतो, हा मुंडकार नव्हे, भाडेकरू आहे किंवा राखणदार आहे. कारण घराचं भाडं भरणारा आणि पगारी चौकीदार कायद्याने मुंडकार ठरत नाहीत. त्यात तीन पिढ्यांचे वारस आले की दावा वर्षानुवर्षे चालतो. तेव्हा ताईंना श्रेय द्या, पण ‘भूमिहीनांना घरं मिळाली’ असं सरसकट लिहू नका.

पणजी_फेरीबोट: सरकार पडलं त्याबद्दल. 1977 च्या विधानसभा निवडणुकीत 30 पैकी मगोला 15 जागा, म्हणजे काठावरचा कारभार. एप्रिल 1979 मध्ये स्वपक्षाचेच तीन आमदार फुटले, अनुदानाच्या मागणीवर सभागृहात हार झाली आणि राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी 1980 च्या निवडणुकीत मगो 7 जागांवर आला.

पुढचा भाग लेखक मंडळी गुंडाळतात, कारण तो अडचणीचा आहे. ताई काँग्रेसमध्ये गेल्या, मग भाऊसाहेबांच्या नावाने वेगळा पक्ष काढला, आणि शेवटी मगोतच परतल्या. ज्या काँग्रेसविरुद्ध मगोच्या सिंह चिन्हावर लढल्या तिच्याच दारी जाणं कार्यकर्त्यांना पचलं नाही, असं माझं मत.

मात्र 1990 मधला शिक्षणमंत्रिपदाचा काळ सोडू नका. सरकारी अनुदान मराठी-कोकणीसारख्या भारतीय भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच, हे धोरण तेव्हाचं. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी शाळांनाही अनुदान खुलं केलं, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचात पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई पुढे होत्या. मराठीवादी नेत्या आणि कोकणीवाले एका मंचावर, हे 1987 च्या मराठी की कोकणी या राजभाषा वादानंतर कुणाला खरं वाटलं असतं? 28 ऑक्टोबर 2016 ला त्या गेल्या. तेव्हाही तो वाद मिटलेला नव्हता.

वाळवंटीकाठ: मग जमिनीपासूनच सुरुवात करतो. भाऊसाहेब दुसऱ्या परिच्छेदात.