कॅमेरे असताना अवकाश संशोधनात चित्रकाराचे काम उरते का?

प्रश्न (चित्रकला शिक्षिका, सातारा)

नमस्कार. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने विचारले, की यानांचे कॅमेरे इतके स्वच्छ फोटो पाठवत असताना हाताने काढलेल्या चित्राचा अवकाश संशोधनाला काय उपयोग? कौतुकाचे चार शब्द बोलून मला तिची बोळवण करायची नाही. चित्रकलेमुळे खगोलाविषयी खरोखर काही उमगले, अशी उदाहरणे जाणकारांनी सांगावीत.

उत्तर १ (हौशी आकाशनिरीक्षक, सातारा)

बाई, सर्वांत भक्कम उदाहरण गॅलिलिओचे आहे. इंग्लंडमधील थॉमस हॅरियटने त्याच्या काही महिने आधी, १६०९ च्या उन्हाळ्यात, दुर्बिणीतून चंद्र पाहून रेखाटला होता. पण उजेड आणि अंधार यांची सीमारेषा वेडीवाकडी आहे, यापलीकडे त्या पहिल्या रेखाटनात फारसे काही नाही. गॅलिलिओला छायाप्रकाशाची चित्रकाराची जाण होती. सीमारेषेपलीकडच्या अंधारात चमकणारे ठिपके म्हणजे उन्हात आलेली पर्वतशिखरे आहेत, हे त्याने ओळखले आणि १६१० मध्ये तशी चित्रेही छापली. सूर्य जरंड्याच्या डोंगरामागून पुरता वर येण्याआधी अजिंक्यतारा किल्ल्याचा माथा उजळतो आणि पायथ्याचे शहर अजून सावलीत असते, ते दृश्य मुलांना दाखवा. गॅलिलिओचा युक्तिवाद त्यांना लगेच समजेल.

उत्तर २ (भूगोल शिक्षक, सांगली)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र चित्र दिशाभूलही करू शकते, हे त्या मुलीला अवश्य सांगावे. अमेरिकन चित्रकार चेस्ली बोनस्टेल यांनी १९४४ मध्ये शनीच्या टायटन या उपग्रहावरून दिसणारा शनी रंगवला आणि त्यांच्या चित्रांनी अनेकांना अवकाशाची ओढ लावली. परंतु त्यांनी चंद्रावरचे डोंगर मात्र उभे, धारदार सुळक्यांचे काढले. वारा नाही, पाणी नाही, म्हणजे झीज नाही, असा समज त्या काळी रूढ होता. प्रत्यक्षात कोट्यवधी वर्षांच्या उल्कापातांनी ते डोंगर गोलसर झाले आहेत, हे अपोलो चांद्रमोहिमांच्या छायाचित्रांत सर्वांना दिसले. मला विशेष मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. ल्युसियाँ रुदो या फ्रेंच चित्रकार-निरीक्षकाने अपोलोच्या कितीतरी वर्षे आधी दुर्बिणीतून चंद्राची कड बारकाईने न्याहाळून गोलाकार डोंगरच रंगवले होते, कारण कडेवर त्याला सुळके दिसलेच नव्हते. आपल्याकडे मुले डोंगर म्हटला की त्रिकोण काढतात. स्थिरचित्राला बसवताना आपण त्यांच्याशी नेमके याच सवयीबद्दल भांडत असतो.

उत्तर ३ (निवृत्त अभियंता, मिरज)

कॅमेऱ्याच्या काळातलेही एक उदाहरण देतो. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या अमेरिकन यानाने मंगळाची पहिली जवळची छायाचित्रे पाठवली, तेव्हा पृथ्वीवर प्रत्यक्षात आकड्यांची रांग येत होती आणि त्यांचे चित्र संगणकातून तयार होण्यास वेळ लागणार होता. मोहिमेच्या अभियंत्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या फलकावर लावल्या आणि कोणत्या आकड्याला कोणती छटा द्यायची ते ठरवून पेस्टल खडूंनी त्या रंगवल्या. आजही जेम्स वेब अवकाश दुर्बीण टिपते तो अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नसल्याने लांब तरंगांना तांबडा आणि आखूड तरंगांना निळा असे रंग माणसेच ठरवतात. तपशील झाकला जाऊ नये म्हणून कोणता रंग कुठे वापरावा, हा निर्णय घ्यायला रंगांची जाण लागतेच.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मुलांना किल्ल्यावर नेऊन चंद्राचे रेखाटन करायला लावावे, असे ठरवते आहे. पौर्णिमेची रात्र निवडावी का?

उत्तर १ (हौशी आकाशनिरीक्षक, सातारा)

पौर्णिमा टाळा. त्या रात्री सूर्यप्रकाश चंद्रावर जवळजवळ समोरून पडतो आणि सावल्या नाहीशा होतात. शुद्ध अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ घ्या, द्विनेत्री (बायनॉक्युलर) तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) पक्की बसवा, आणि आधी फक्त सीमारेषेलगतच्या विवरांच्या सावल्या कोळशाने काढायला सांगा.