'परावर्ती द्रवस्फटिक' बरोबर आहे का?

– प्रोजेक्टरवरचा एक लेख मराठीत लिहितेय, त्यात 'रिफ्लेक्टिव्ह लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले'ला 'परावर्ती द्रवस्फटिक पडदा' असं केलंय पण मनाला पटत नाहीये. परावर्ती की परावर्तक? आणि पडदा म्हटलं की भिंतीवरचा पांढरा पडदाच डोळ्यासमोर येतो, इथे तर प्रोजेक्टरच्या पोटात बसणारी बोटाच्या पेराएवढी चीप आहे.

– पडदा काढाच, पॅनेल म्हणा, सगळे तेच म्हणतात. पण मला खरी अडचण विशेषणाची वाटते. 'परावर्ती द्रवस्फटिक' वाचलं की द्रवस्फटिकच उजेड परत फिरवतो असं वाटतं आणि ते चूक आहे. उजेड परत फिरवतो तो खालचा ॲल्युमिनियमचा आरसा, सिलिकॉनच्या चीपवर प्रत्येक ठिपक्याचा वेगळा. त्यावरचा द्रवस्फटिकाचा पातळ थर फक्त प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते, बदलतो, जाताना थोडं आणि येताना थोडं, आणि मग पुढचा लोलक ठरवतो की यातला किती उजेड भिंतीकडे सोडायचा आणि किती दिव्याकडे परत पाठवायचा. म्हणून 'परावर्तक द्रवस्फटिक पॅनेल', विशेषण पॅनेलचं. परत फिरतो तो किरण परावर्ती, त्याला फिरवतो तो आरसा परावर्तक.

– 'परावर्ती दुर्बीण' म्हणतातच की, तिथे कोणी अडत नाही.

– हो, रूढ आहे ते, त्याला चूक म्हणणार नाही. पण दुर्बिणीत आरसा हाच मुख्य भाग असतो, इथे दोन वस्तू एकावर एक आहेत म्हणून मी आग्रह धरतोय. आणि कृपा करून 'ध्रुवीकरण' नको, ते वाचलं की आजकाल निवडणूकच आठवते, ध्रुवण छान आहे.

– मला या सगळ्यात 'कवडसा' आठवला. लहानपणी आरसा उन्हात धरून समोरच्या भिंतीवर कवडसा पाडायचो तोच हा प्रोजेक्टर! फरक एवढाच की डीएलपी या दुसऱ्या जातीच्या प्रोजेक्टरमध्ये बारीक आरसे खरंच हलतात, आपण मनगट हलवायचो तसे, आणि इथे आरसा जागचा हलत नाही. लेखात एकदा तरी कवडसा येऊ द्या, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

– कवडसा घेतलाच! आता 'लाइट व्हॉल्व्ह'चं सांगा. सत्तरच्या दशकात अमेरिकेत ह्यूज कंपनीने केलेल्या यंत्राला तेच नाव होतं, त्यात मागून छोट्या पिक्चर ट्यूबचं अंधुक चित्र पडायचं आणि पुढून मोठ्या दिव्याचा उजेड परावर्तित व्हायचा. पुढे जपानच्या जेव्हीसी कंपनीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती ट्यूब काढून चीपनेच थेट ठिपके चालवले, त्यांच्या पॅनेलचं नाव डी-आयएलए, त्यातला 'डी' म्हणजे तेच, डायरेक्ट ड्राइव्ह.

– 'प्रकाशझडप'. हृदयाची झडप, पंपाची झडप, सगळ्यांना माहीत असलेला शब्द. आणि अर्थही बरोबर बसतो कारण झडप स्वतः काही तयार करत नाही, येणारं सोडते किंवा अडवते. उजेड दिव्याचाच. बाकी लेखात हे मात्र लिहाच की आरपार जाणाऱ्या एलसीडीत प्रत्येक ठिपक्याची थोडी जागा वायरी आणि ट्रान्झिस्टर खातात म्हणून चित्रात जाळी दिसायची, परावर्तक पॅनेलमध्ये ते सगळं आरशाच्या खाली लपतं. त्यामुळेच तर सोनीला २००३ मध्ये एसएक्सआरडी या आपल्या परावर्तक पॅनेलच्या ०.७८ इंचात १९२० बाय १०८० ठिपके बसवता आले, म्हणजे २० लाखांवर.

– 'आरपार जाणाऱ्या'ला मी 'पारेषित' लिहिलं होतं.

– नको नको, महापारेषणमुळे विजेच्या तारा डोळ्यासमोर येतात. 'पारगामी' करा.