व्हॉडव्हिलच्या विनोदवीरांना टीव्हीने तारलं की संपवलं?

रंगपट

विनोदवीर मिल्टन बर्ल म्हणजे ‘मिस्टर टेलिव्हिजन’. १९४८ मध्ये त्याने आपल्या मंगळवार रात्रीच्या कार्यक्रमातून अमेरिकेत टीव्ही लोकप्रिय केला आणि व्हॉडव्हिलला (गाणी, नाच, विनोद असे सुटे आयटम एकामागोमाग दाखवणाऱ्या जुन्या रंगमंचीय करमणुकीला) दुसरा जन्म दिला, असं नेहमी वाचायला मिळतं. यातलं पहिलं बऱ्याच अंशी मान्य, दुसरं अजिबात नाही.

व्हॉडव्हिलचा नट काय करायचा ते आधी बघा. त्याच्याकडे बारा-पंधरा मिनिटांचा एक आयटम असायचा. तो घेऊन आगगाडीने गावोगाव फिरायचं, एका थिएटरात आठवडाभर दिवसाला दोन, काही ठिकाणी चार-पाच खेळ करायचे आणि पुढचं गाव गाठायचं. हशा कुठे येतो, पुढचं वाक्य टाकायच्या आधी किती थांबायचं, विंगेत जाताना मागे वळून बघितलं तर आणखी एक टाळी मिळते का, हे सगळं शेकडो खेळांत घासूनपुसून बसवलेलं असायचं. तमाशातला सोंगाड्या जत्रेजत्रेतून आपली बतावणी पिकवत नेतो, तसंच. स्मिथ आणि डेल या जोडीने डॉक्टर-पेशंटचा एकच प्रवेश कित्येक दशकं केला आणि लोक तोच बघायला येत राहिले.

टीव्हीने या हिशेबाचं कंबरडंच मोडलं. दहा वर्षं पुरणारा आयटम एका मंगळवारी रात्री आठला लाखो लोकांनी एकदम बघितला की संपला. पुढच्या मंगळवारी काय करणार? बर्ल बायकी कपडे घालून यायचा, पावडरचा पफ तोंडावर आपटून घ्यायचा, जुनेच विनोद नव्याने काढायचा. १९५१ मध्ये एनबीसी या टीव्ही कंपनीने त्याच्याशी ३० वर्षांचा करार केला. १९५६ मध्ये त्याचा तो कार्यक्रम आटोपला. १९६० मध्ये हाच माणूस टीव्हीवर बोलिंगच्या स्पर्धेचं सूत्रसंचालन करत होता. याला दुसरा जन्म कसा म्हणायचा?

जुनी_फीत

पूर्ण असहमत. टीव्ही यायच्या आधीच व्हॉडव्हिल गेलेलं होतं. न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात एकदा खेळ झाला की नटाच्या जन्माचं सार्थक व्हायचं. ते पॅलेस १९३२ मध्येच सिनेमाकडे वळलं. बोलपट, रेडिओ आणि मंदी, तिघांनी मिळून ते काम उरकलं होतं. त्यानंतरची सोळा वर्षं ही मंडळी नाइट क्लब आणि रेडिओवर तगून होती. रेडिओवर चेहरा, चाल, पडणं-धडपडणं सगळंच वाया. टीव्हीने त्यांना त्यांचं अंग परत दिलं.

आणि व्हॉडव्हिलमध्ये कलावंत फार मोकळा होता असं कृपया समजू नका. कीथ-अल्बी या व्हॉडव्हिलच्या बड्या साखळीच्या थिएटरांत सोमवारचा पहिला खेळ मॅनेजर बसून बघायचा, वर अहवाल पाठवायचा आणि कापायची वाक्यं निळ्या पाकिटातून नटाच्या हातात पडायची. पुढे टीव्हीवर आपला कार्यक्रम चालवणारा एड सलिव्हन रविवारी दुपारी प्रेक्षक बसवून रंगीत तालीम घ्यायचा आणि रात्रीच्या प्रक्षेपणाआधी विनोदवीरांची मिनिटं छाटायचा. परंपरा तीच.

जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन या व्हॉडव्हिलच्या जोडीचं काय करायचं तुमच्या सिद्धांतात? त्यांचा टीव्ही कार्यक्रम १९५० ते १९५८ चालला. बर्न्स गोष्टीतून बाहेर येऊन थेट प्रेक्षकांशी बोलायचा. पुढे पुढे तर आपल्या खोलीतल्या टीव्हीवर आपलाच कार्यक्रम लावून बाकीची पात्रं त्याच्या पाठीमागे काय शिजवताहेत ते बघून घ्यायचा. रंगमंचाच्या पडद्यासमोर उभं राहून प्रेक्षकांना विश्वासात घेण्याची ही रीत निखळ व्हॉडव्हिलची आहे.

पडद्यामागे

दोघंही लेखकांना विसरताय. १९५० ते १९५४ सिड सीझर आणि इमोजीन कोका दर शनिवारी ९० मिनिटांचा कार्यक्रम थेट करत होते. सीझर व्हॉडव्हिलमधून आलेला नव्हता. तो मूळचा सॅक्सोफोनवादक, न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल्स डोंगरांतल्या सुट्टीच्या हॉटेलांत तयार झालेला. त्याच्या पाठीशी मेल टॉल्किन, ल्युसिल कॅलन, मेल ब्रूक्स, नील सायमन अशी लेखकांची फौज होती. जुना आयटम संपण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दर आठवड्याला नवं लिहिलं जात होतं.

बर्ल मागे पडला त्याचं कारण प्रेक्षकांत शोधा. १९५० मध्ये साधारण ९ टक्के अमेरिकन घरांत टीव्ही होता, तोही मुख्यतः न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरांत. १९५५ पर्यंत जवळपास दोन-तृतीयांश घरांत पोचला. लहान गावांतल्या कुटुंबांना ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकी दुनियेचा, तो धडाका परका वाटला. १९५१ पासून टीव्हीच्या पडद्यावर आलेली विनोदी नटी ल्युसिल बॉल त्यांना घरातली वाटली.

रंगपट

@पडद्यामागे, सीझरचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. इतके लेखक असूनही त्याचं काय झालं? पुढची कित्येक वर्षं दारू आणि गोळ्यांत गेली, आणि हे त्याने स्वतः मोकळेपणाने सांगितलं आहे. दर आठवड्याला नव्याने हसवायचं हे ओझं माणसाला पेलत नव्हतं.

@जुनी_फीत, निळं पाकीट मिळालं तरी नट पुढच्या गावी जाऊन पोट भरू शकत होता. १९६४ मध्ये सलिव्हनच्या कार्यक्रमात विनोदवीर जॅकी मेसनचा खेळ चालू असताना सलिव्हनने ‘एवढीच मिनिटं उरली’ म्हणून बोटं दाखवली. मेसनने विनोद म्हणून बोटं परत दाखवली. सलिव्हनला ती अश्लील वाटली आणि करार रद्द. प्रकरण कोर्टात गेलं. सलिव्हनचं दार बंद झालं तर दुसरा सलिव्हन कुठून आणायचा?

जुनी_फीत

पुढच्या गावी जाता येत होतं? १९१६-१७ मध्ये ‘व्हाइट रॅट्स’ या नटांच्या संघटनेने संप केला. अल्बीने तो मोडून काढला आणि संपवाल्यांना काळ्या यादीत टाकलं. त्यांना पुढच्या कुठल्याच गावी काम मिळेना.

सहजच

या वादात गोऱ्या नटांपलीकडे कोणी दिसतच नाही याचं मला वाईट वाटतं. १९५२ मध्ये गोऱ्या एडी कॅन्टरने आपल्या टीव्ही कार्यक्रमात कृष्णवर्णीय कलावंत सॅमी डेव्हिस ज्युनियरच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या रुमालाने पुसला. एवढ्यावरून द्वेषाची पत्रं आली. कॅन्टरने त्याला पुन्हा बोलावलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण कृष्णवर्णीय विनोदवीर मॉम्स मॅबली? ढगळ झगा, मऊ टोपी, दातांचं बोळकं, असं म्हातारीचं सोंग घेऊन ती कृष्णवर्णीयांच्या थिएटरांत आयुष्यभर हशे घेत होती. देशभरच्या टीव्हीवर तिला जागा मिळाली ती साठच्या दशकात.

रंगपट

मॅबलीचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ती सत्तरीत टीव्हीवर आली तरी ताजी वाटली, कारण तिचं काम दर मंगळवारी जाळलं गेलेलं नव्हतं.

जुनी_फीत

बंद दाराला श्रेय देऊ नका, विनंती आहे. बर्लचे थेट कार्यक्रम आज बघता येतात ते किनेस्कोपमुळे. १९५१ च्या सप्टेंबरपर्यंत दोन्ही किनाऱ्यांना जोडणारं थेट प्रक्षेपण नव्हतं, म्हणून मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून फिती पश्चिमेकडे पाठवत. बऱ्याच फिती गेल्या, पण काही उरल्या. मॅबलीला १९५० मध्ये बोलावलं असतं तर तिच्या पन्नाशीतलं काम असंच साठलं असतं. आज त्या वयातली ती बघायची तर थोडे जुने सिनेमे आहेत.