मॅग्नेशियम बॅटरी: क्लोराइड न घालता ओव्हरपोटेन्शियल कसं उतरवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, महिनाभर एकाच जागी अडकलोय, मॅग्नेशियम मेटलवर कुणी काम केलं असेल तर प्लीज बघा.

दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फॉइल लावून कॉइन सेल करतोय, इलेक्ट्रोलाइट म्हणजे डायग्लाइम या ईथर सॉल्व्हंटमध्ये ०.५ मोलर मॅग्नेशियम टीएफएसआय (टीएफएसआय हा सॉल्टमधला फ्लोरिनवाला ऋण आयन). सॉल्ट व्हॅक्यूममध्ये तापवलं, सॉल्व्हंट पाणी शोषणाऱ्या मॉलिक्युलर सिव्हवर ठेवलं, फॉइल ग्लोव्हबॉक्समध्येच खरवडली, तरी पहिल्याच सायकलला ओव्हरपोटेन्शियल (मॅग्नेशियम बसवायला-काढायला लागणारं जादा व्होल्टेज) दीड व्होल्टच्या वर आणि सेल उघडला की फॉइलवर काळपट थर. लिथियमवर थर बसला तरी त्यातून आयन जातात, मॅग्नेशियमचा डबल चार्जवाला आयन मात्र तिथेच अडतो, म्हणून उरलंसुरलं पाणीसुद्धा इतकं नडतं. त्यात टीएफएसआय मॅग्नेशियम आयनाला चिकटलेला असताना त्या आयनाला एक इलेक्ट्रॉन मिळाला की टीएफएसआयच तुटतो, त्यामुळे नुसतं सुकवून भागणार नाही असं मला वाटायला लागलंय.

मग मॅग्नेशियम क्लोराइड घातलं आणि प्लेटिंग (फॉइलवर मॅग्नेशियम बसणं) एकदम सुरळीत झालं, खूप आनंद झाला होता खरं तर. पण शेव्हरेल फेज (मॉलिब्डेनम सल्फाइडचा) कॅथोड १.२ व्होल्टच्या आसपास चालतो तिथवर ठीक, मला जास्त व्होल्टेजचा कॅथोड लावायचाय आणि २ व्होल्टच्या पुढे गेलं की सेलच्या स्टीललाच खड्डे पडतात. आत मॉलिब्डेनम फॉइल घालून बघितली, कडेने द्रव झिरपून स्टीलला लागतोच. डोरॉन ऑर्बाख यांच्या ग्रुपने २००० साली दाखवलेल्या रिचार्जेबल मॅग्नेशियम सेलमध्येही क्लोराइड होतंच, त्यामुळे हे दुखणं जुनं आहे हे माहितीय.

आता डोक्यात क्लोराइडशिवायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे टीएफएसआय तसंच ठेवून मेथॉक्सीएथिल अमाइन घालायचं, ते मॅग्नेशियमला घट्ट धरतं आणि टीएफएसआयला बाजूला सारतं. दुसरी म्हणजे सॉल्टच बदलायचं, मॅग्नेशियम बोरोहायड्राइड आणि हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉलपासून बोरेट सॉल्ट बनवायचं, डायमेथॉक्सीइथेनमध्ये. रिअॅक्शनमध्ये हायड्रोजन सुटतो म्हणून ते अल्कोहोल (हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉल) थेंबथेंब घालायचं हे कळलं, पण बोरोहायड्राइड थोडं जरी शिल्लक राहिलं तर ते कॅथोडच्या बाजूला आधी ऑक्सिडाइज होईल ना? ते पूर्ण संपलंय हे तुम्ही कसं तपासता, बोरॉन एनएमआर (बोरॉन कुठल्या संयुगात आहे ते दाखवणारी चाचणी) पुरतो का?

आणि अमाइन कुणी वापरलं असेल तर ते सुकवलं कशावर तेही सांगा, माझा सगळा संशय सध्या पाण्यावरच आहे. इम्पीडन्सचे (सेलच्या आतल्या रोधाचे) ग्राफ हवे असतील तर लगेच टाकतो.